चर्चची मंडळी (सभासदांचा समुदाय) ओसरते ती उपासनेमुळे, की घरभेटी थांबल्यामुळे?

सदरचा सभासद
नागपुरातल्या आपल्या सदरच्या चर्चमध्ये ख्रिसमसला बाहेर खुर्च्या टाकाव्या लागतात आणि जुलैतल्या एखाद्या रविवारी अर्धे बाक रिकामे असतात. तरी वार्षिक सभेत सभासदसंख्या तीच वाचली जाते. पुणे-हैदराबादला गेलेली मुलं, लग्न होऊन दुसऱ्या मंडळीत गेलेल्या मुली, सगळे यादीत कायम. सण वगळून वर्षभराच्या रविवारांची सरासरी काढा, खरा आकडा तोच.

माणूस एकदम सोडत नाही. आधी महिन्यातून दोनदा येतो, मग फक्त प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी, मग सणाला. सलग तीन रविवार दिसला नाही की कोणी दारात गेलं तर कारण कळतं: आजारपण, बदललेली शिफ्ट, कमिटीतल्या कोणाशी झालेली बोलाचाली. सहा महिन्यांनी गेलात तर ‘आता आठवण झाली का?’ हेच ऐकावं लागतं.

१२० कुटुंबं असतील तर वस्तीप्रमाणे दहा-दहा घरांचे १२ विभाग करा. प्रत्येक विभागाला एक ‘वडील’, म्हणजे मंडळीतला जबाबदार ज्येष्ठ सभासद, आणि महिला संघातली एक बाई. आठवड्याला दोन घरं, पाच आठवड्यांत फेरी पूर्ण. वहीत एवढंच लिहायचं: तारीख, कोण भेटलं, कशासाठी प्रार्थना मागितली. वर्गणीचं पावतीपुस्तक सोबत न्यायचं नाही. ते दिसलं की पुढच्या वेळी दार उघडत नाही.

मोहननगर
पटत नाही. भेटीने माणूस एक रविवार येईल, पुढे काय? गळती दृढीकरणानंतर, म्हणजे मुलांना पूर्ण सभासद करून घेण्याच्या विधीनंतर होते. वर्ग संपतो, बिशप डोक्यावर हात ठेवतात, फोटो निघतो आणि १६ वर्षांच्या मुलाला त्यानंतर मंडळीत काहीच काम उरत नाही. महिन्याच्या आत त्याच्या हाती काहीतरी द्या: उपासनेत बायबलचं वाचन, माइक, संडे स्कूलमध्ये मदत. वाचनाचा उतारा बुधवारीच द्या. रविवारी सकाळी ऐनवेळी दिला की तो अडखळतो, आणि पुन्हा उभा राहत नाही. कमिटीत तिशीच्या आतल्यांना दोन जागा हव्यात, मतासकट. आणि गाण्यांची भाषा त्यांना कळत नाही, हेही मान्य करा.

पेटीवाला
कामाचं बरोबर, गाण्यांचं चूक. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं लिहिली ती इथल्याच अभंग-ओवीच्या वळणाने, म्हणून ती लोकांच्या तोंडी बसली. आज मागचे बाक गप्प राहतात ते पेटीच्या (हार्मोनियमच्या) उंच पट्टीमुळे. वाजवणारा स्वतःच्या गळ्याच्या सोयीने पट्टी धरतो, वरचा सूर इतरांना लागत नाही. दोन स्वर खाली या, आवाज लगेच वाढेल. नवीन गाणं महिन्याला एकच घ्या, पण चारही रविवारी तेच. दर आठवड्याला नवं घेतलं की गायकवृंद गातो आणि मंडळी ऐकत बसते.

मानेवाडा
तुम्ही दोघंही अंतर विसरताय. कुटुंबं बेसा, मानेवाडा, वर्धा रोडकडे राहायला गेली, चर्च सदरलाच. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दहाची उपासना म्हणजे परतताना भर उन्हात लहान लेकरं स्कूटरवर. उन्हाळ्यात सातला सुरू करा. शिवाय शनिवारी संध्याकाळी वस्तीतच एक तासाची प्रार्थनासभा, आणि फक्त चहा-बिस्किट. एका घराने पोहे केले की पुढचं घर पुरी-भाजी करतं, चौथ्या महिन्यात यजमान मिळत नाही.

मोहननगर
वस्तीतली सभा हीच पुढे वेगळी मंडळी होते. फाटाफूट अशीच सुरू होते.

मानेवाडा
सभा पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) वेळापत्रकात नसेल तर फाटाफूट होते. महिन्यातून एकदा त्यांनी स्वतः यावं आणि प्रभुभोजन मात्र चर्चमध्येच ठेवावं. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा मानणारे आणि प्रौढांचाच मानणारे एका छताखाली आले. आपल्याला एक शनिवार जमू नये?

सदरचा सभासद
जमेल, पण त्या सभेची हजेरीही माझ्या वहीत यायला हवी. बेसाचं कुटुंब शनिवारी येतं आणि रविवारी दिसत नाही, तर त्याला गैरहजर धरून दारात जाणं चूक ठरेल. आणि शनिवारीही दिसलं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात कोणी जायचं ते आधीच ठरवा.