फायनल इयरचा स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट: व्हायवा झाला की जबाबदारी संपली?

पंचगंगाकाठ
बी.ई. कॉम्प्युटर-आयटीच्या शेवटच्या वर्षी तीन-चार मुलांचा गट दोन सेमिस्टर एका प्रोजेक्टवर काम करतो. काही गट बाहेरच्या कारखान्याचं किंवा संस्थेचं काम घेतात, त्यांचं स्पॉन्सरशिप लेटर आणतात. नोकरी सांभाळून मी अशा गटांना मदत करतो. माझं मत ठाम आहे: काम दुसऱ्यासाठी घेतलं असेल, तर त्याचा माणूस ते आपल्याशिवाय चालवू लागेल तेव्हाच ते पूर्ण झालं. व्हायवाने परीक्षा संपते, काम नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, उदाहरण देतो. रिजेक्शनची नोंद सुपरवायझर रजिस्टरमध्ये करायचे: हीट नंबर (भट्टीतल्या धातूची कोणती खेप), पॅटर्न (साच्याचा नमुना), किती कास्टिंग (ओतीव भाग) नाकारली, कारण काय. ब्लोहोल, सँड ड्रॉप, कोल्ड शट असे ओतकामातले दोष. महिनाअखेरीला ते एक्सेलमध्ये चढायचं, म्हणजे दोष कळेपर्यंत तोच माल आणखी ओतून झालेला असायचा. मुलांनी नोंदीचं वेब अॅप आणि डॅशबोर्ड केला. काम चांगलं होतं, बाहेरच्या परीक्षकांनीही तसं सांगितलं. जूनमध्ये गट पांगला. सर्व्हर एका मुलीच्या वैयक्तिक खात्यावर होता, डेटाबेसचा पासवर्ड तिच्याच लॅपटॉपवर. पावसाळ्यात फुकट वापराची मुदत संपली आणि सुपरवायझर पुन्हा रजिस्टरवर आले.

यात कोडिंगची चूक कुठेच नाही, शेवटचा महिना चुकीच्या कामाला गेला. त्या महिन्यात नवं फीचर घ्यायचंच नाही. खातं स्पॉन्सरच्या नावावर करायचं, बॅकअप घेऊन तो परत चढवून बघायचा, मराठीत दोन पानी सूचना लिहायच्या. आणि एक अख्खी शिफ्ट सुपरवायझरना नोंदी करू द्यायच्या, गटाने शेजारी गप्प बसून फक्त बघायचं.

कडुनिंब
पूर्ण असहमत. फी मुलं भरतात, स्टायपेंड शून्य, प्रवास स्वतःच्या खिशातून. सातव्या सेमिस्टरला कॅम्पस इंटरव्ह्यू, आठव्याला अनेकांची इंटर्नशिप, मध्येच एम.टेक. प्रवेशाची गेट परीक्षा. आणि आता तुम्ही म्हणता, अख्खी शिफ्ट बसा, नंतर चालेल याचीही हमी द्या. हेच काम त्या कारखान्याने बाजारात करून घेतलं असतं तर पहिल्या दिवशी अॅडव्हान्स मोजावा लागला असता.

अमेरिकेत हार्वी मड कॉलेजात १९६३पासून क्लिनिक नावाचा उपक्रम आहे. तिथेही विद्यार्थ्यांचे गट बाहेरच्या कंपन्यांचं काम वर्षभर करतात. पण कंपनी कॉलेजला घसघशीत फी देते आणि स्वतःचा एक माणूस गटाला जोडून देते. आपल्याकडे लेटरवर सही करणारे साहेब जानेवारीनंतर फोन उचलत नाहीत आणि मार्चमध्ये सांगतात, "यात जीएसटीचं बिलिंगपण टाका." सगळी जबाबदारी एकाच बाजूला ढकलायची असेल तर त्याला मी शिक्षण म्हणणार नाही.

भट्टीवाला
माझी फाउंड्री गोकुळ शिरगावला आहे, म्हणून लिहितो. कडुनिंब, दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडे आलेला गट पहिल्या दिवशी शॉप फ्लोअरवर फिरला, फोटो काढले, लेटर घेऊन गेला. नंतर थेट एप्रिलमध्ये आला तो कम्प्लिशन सर्टिफिकेट मागायला. स्क्रीनवर बारीक अक्षरांचे वीस खाने. आमच्या माणसाच्या हातात हातमोजे असतात आणि शेडमध्ये नेट जातं-येतं. त्याला चार मोठी बटणं हवीत आणि नेट नसताना केलेली नोंद नंतर आपोआप वर गेली पाहिजे. दुसऱ्या पाळीला कुणी एकदा जरी उभं राहिलं असतं तर हे दिसलं असतं.

पैशाचं म्हणाल तर मी द्यायला तयार होतो. कॉलेजने कधी विचारलंच नाही.

खडूफळा
मी गाइड म्हणून काम करते. दोन्ही बाजूंना सांगते, मुलं ज्याला गुण आहेत तेच करतात. आमच्याकडे गुण रिव्ह्यूला, रिपोर्टला, प्रेझेंटेशनला, पेपर छापला असेल तर त्यालाही. सुपरवायझर सॉफ्टवेअर वापरतो का, यासाठी रकानाच नाही. गटात टेस्टिंग आणि बॅकअप बघणाऱ्या मुलाला परीक्षक विचारतात, "तुझं मॉड्यूल कुठलं?" त्याच्याकडे दाखवायला स्क्रीन नसते आणि त्याचे गुण जातात. याचा मला खरोखर त्रास होतो, कारण पुष्कळदा गट त्याच मुलाने सांभाळलेला असतो.

तरीही पंचगंगाकाठ, तुमची कसोटी मला मान्य नाही. मालकाने मध्येच मन बदललं, सुपरवायझर सोडून गेला, ऑर्डर आटल्या, तर प्रोजेक्ट अपुरा ठरवायचा? ज्या गोष्टी मुलांच्या हातात नाहीत त्यांवर त्यांचं वर्ष तोलू नका. हस्तांतराची तयारी तपासा, तिला गुण द्या. पुढे वापर होतो की नाही, ते स्पॉन्सरचं.

कलमदान
कोड कुणाचा, हे अजून कुणी विचारलं नाही. कॉपीराइट कायदा १९५७नुसार संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि कलम १७प्रमाणे पहिला मालक लेखक. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. पण हे विद्यार्थी त्या कारखान्याचे नोकर नाहीत. हक्क द्यायचे तर कलम १९प्रमाणे सही असलेला लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. लेटरवरच्या "आम्ही या गटाला प्रोजेक्ट देत आहोत" एवढ्या ओळीने काहीच हस्तांतरित होत नाही. त्यामुळे "सगळं सोपवा" म्हणण्याआधी कागद करा. कामगारांची नावं, मोबाइल नंबर टेस्टिंगसाठी मुलांच्या लॅपटॉपवर देऊ नका. खोट्या नोंदी बनवून द्या. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर हा विषय हलक्याने घेण्यासारखा राहिलेला नाही.

पंचगंगाकाठ
खडूफळा मॅडम, वापराला गुण नकोत, तयारीला द्या, हे पटलं. कडुनिंब, पैशाचं तुमचं म्हणणंही रास्त आहे. निदान सर्व्हरचं भाडं आणि प्रवास स्पॉन्सरने द्यायलाच हवा. फुकट होस्टिंगवर कारखाना चालत नाही. हेरोकू या होस्टिंग सेवेने नोव्हेंबर २०२२मध्ये फुकट योजना बंद केली तेव्हा हे सगळ्यांना दिसलं.

पण मार्चमधल्या जीएसटीला उत्तर आहे. डिसेंबरआधी एका पानावर लिहा की या प्रोजेक्टमध्ये काय काय होणार नाही. त्यावर स्पॉन्सर, गाइड आणि गट, तिघांची सही. काय करणार याची यादी सगळेच गट करतात, ही दुसरी यादी कुणी करत नाही. आणि "फुकट आहे म्हणून अर्धवट चालेल" हे मला कधीच पटणार नाही. अनोळखी माणसाने तुमच्या भरवशावर आपलं रजिस्टर बाजूला ठेवलेलं असतं.

कडुनिंब
तो भरवसा एकतर्फी आहे, माझं म्हणणं तेच आहे. हार्वी मडसारखं सरळ कॉलेजच्या खात्यात पैसे भरा, तुमचा एक माणूस दर आठवड्याला ठरलेल्या वेळी द्या, मग तुमच्या सगळ्या अटी मी मान्य करीन. तोवर माझ्या भाचीला स्वतःचाच विषय घे असं सांगणार. यंदा ती शेवटच्या वर्षाला आहे.

भट्टीवाला
माणूस देतो. मंगळवारी पहिली पाळी सुटल्यावर क्वालिटीचे इन्चार्ज तासभर मोकळे असतात. पैसे कॉलेजच्या खात्यात कसे भरायचे, त्याची पावती कोण देणार, हे खडूफळा मॅडमनी विचारून सांगावं. भाचीलाही एकदा दुसऱ्या पाळीला घेऊन या, मग ठरवू दे तिला.