मोठी मुलं खरंच मागे पडतात का?
माँटेसरी वर्गात ३ ते ६ वर्षांची मुलं एकत्र बसवली की मोठ्यांचं नुकसान होतं, ही तुमची तक्रार काही पटली नाही. ही पद्धत सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढली, तेव्हाही तिथे लहानमोठी एकत्रच होती. गुलाबी मनोरा या साधनाचंच घ्या. १ ते १० सेंमीचे दहा ठोकळे, मोठ्यावर लहान असे रचायचे. धाकटं रचताना मधला एक विसरतं. शेजारचं पाच वर्षांचं मूल काही न बोलता उरलेल्या ठोकळ्याकडे बोट दाखवतं. त्यासाठी त्याच्या डोक्यात क्रम पक्का लागतो, म्हणजे उजळणी त्याचीच होते! शिवाय वर्गात प्रत्येक साधन सहसा एकच, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत थांबणं आपसूक येतं. हां, मोठ्यांना फुकटचे मदतनीस करून ठेवलं असेल, तर मात्र तुमची तक्रार रास्त आहे.