मदत हवी आहे : आईसाठी ‘पारो’ रोबो घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आईला स्मृतिभ्रंश आहे, पुण्यात आमच्याकडेच असते. दिवेलागणीला कासावीस होते, “घरी चला” म्हणत दाराशी उभी राहते. अमेरिकेतला भाऊ म्हणतोय, पारो पाठवतो. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी बनवलेलं, सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखं दिसणारं हे यंत्र. पांढऱ्या केसाळ कातडीखाली सेन्सर असतात. हात फिरवला की मान हलवतं, आवाज काढतं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरणांच्या वर्गात घेतलं, म्हणजे हे निव्वळ खेळणं नाही हे मला मान्य आहे.

माझी धास्ती वेगळीच आहे. आई त्याला खरं समजून जीव लावेल. आपल्या ताटातला वरणभाताचा घास भरवायला जाईल. तेव्हा तिला खरं सांगायचं, की हो ला हो करायचं? आणि ती गप्प बसली की आम्हीही निवांत आपापल्या कामाला लागू, याची भीती जास्त वाटते. शेजारच्या काकू रोज भाजी निवडायला तिच्यापाशी बसतात. “आता आहे की सोबत” म्हणून त्यांचंही येणं कमी झालं तर?

भाऊ कॅमेरावालं बोलकं यंत्रही सुचवतोय. ते मला नकोच वाटतं. आईची संमती कशी घ्यायची?

घरी किंवा वृद्धाश्रमात कोणी असं काही वापरलंय का? माणसांची ये-जा कमी झाली का? यंत्र बिघडलं तेव्हा पेशंटला कसं सांभाळलंत? कृपया सविस्तर लिहा, भावाला लवकर कळवायचं आहे.