Re: आई-बाबा मार्च ते ऑगस्ट इथे, मिरवणुका कुठल्या दाखवू?

प्रेषक: स. (एडिसन)

नमस्कार मंडळी,
आई-बाबा मार्चच्या सुरुवातीला येताहेत, ऑगस्टअखेर परत. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर वगैरे मागच्या खेपेला उरकलंय. बाबा गावाच्या लेझीम पथकातले. अजूनही ताशा कानावर पडला की पाय थाऱ्यावर राहत नाहीत. आईचे गुडघे मात्र कुरकुरतात. न्यू यॉर्कात या दिवसांत बघण्यासारख्या मिरवणुका कुठल्या? गाडी न्यावी का?

प्रेषक: वि. (जर्सी सिटी)

स., गाडीचं नाव काढू नकोस. रस्ते बंद असतात, आणि पार्किंगला मोजलेले पैसे बघून बाबा परतीचं तिकीट मागतील.

पहिली सेंट पॅट्रिकची, १७ मार्चला. रविवार आला तर आदल्या दिवशी. १७६२ पासून निघते, म्हणजे हा देश जन्माला यायच्या आधीपासून. चित्ररथ नाहीत, नुसते चालणारे लोक, बँड आणि बॅगपाइप. पाचव्या ॲव्हेन्यूवर ४४ व्या रस्त्यापासून ७९ व्यापर्यंत जाते. झाडून सगळे वाटेतल्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलपाशी चेंगरतात. तुम्ही पार ६६ च्या वर जा. सेंट्रल पार्कच्या भिंतीलगत बाकं आहेत. त्यावर बसून मिरवणूक दिसत नाही, पण काकूंना मधूनमधून टेकता तरी येईल. आणि पार्काच्या बाजूलाच राहाल असे या. मिरवणूक चालू झाली की पोलीस वाटेल तिथून रस्ता ओलांडू देत नाहीत.

पण माझं ऐकशील तर पॅट्रिक चुकला तरी चालेल, ईस्टरचा रविवार चुकवू नकोस. ती नावालाच परेड. बँड नाही, नावनोंदणी नाही. ४९ ते ५७ व्या रस्त्यादरम्यान पाचवा ॲव्हेन्यू वाहनांना बंद करतात आणि लोक डोक्यावर काय वाट्टेल ते घालून फिरतात. फुलांचा बगीचा, पक्ष्याचं घरटं, अख्खा केक! फोटोला सगळे हौसेने उभे राहतात. काकूंना नऊवारी आणि नथ घालून आण, टोपीवाले त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन धावतील.

प्रेषक: द. (क्वीन्स)

होळीनंतर रिचमंड हिलचा फगवा, म्हणजे रंगांची मिरवणूक, राहिला की! लिबर्टी ॲव्हेन्यूवर असतो. ही गयानाची मंडळी. १८३८ पासून इंग्रजांनी उत्तर प्रदेश-बिहारातून ऊसमळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांचे वंशज. इंग्रजी त्यांच्या ढंगाची, पण ढोलक-झांजांवर चौताल, म्हणजे होळीची गाणी, गायला लागले की बाबांना परकं वाटणार नाही. ए ट्रेन लेफर्ट्सचीच धरा. त्याच ए ला रॉकअवेचाही फाटा आहे. जुने कपडे घाला, हे सांगायला नको.

ऑगस्टातल्या, आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या इंडिया डे परेडबद्दल काय लिहू, आपण सगळे जातोच. १९८१ पासून चालू आहे, मॅडिसन ॲव्हेन्यूवर ३८ व्या रस्त्यापासून २७ व्यापर्यंत. माझी तक्रार एकच: चित्ररथांवरच्या भोंग्यांत आपले ढोल बुडतात. म्हणून सुरुवातीच्या टोकाला लवकर जा. पथकं आजूबाजूच्या गल्ल्यांत जमतात, दोऱ्या ताणतात, हात मोकळे करतात. बाबांना खरी मजा तिथेच. दुपार कलली की पश्चिमेकडच्या फुटपाथवर सावली येते. जर्सीहून पाथ ट्रेनने ३३ व्या रस्त्याला उतरलात तर मॅडिसन चालत गाठता येतो.

प्रेषक: मु. (ब्रुकलिन)

क्वीन्सकरांनी जुलै मोकळा सोडला, म्हणून लिहितोय. विल्यम्सबर्गला जीलिओ, म्हणजे खांद्यावर मनोरा नाचवायचा उत्सव, असतो, माउंट कार्मेलच्या चर्चपाशी, १६ जुलैच्या आगेमागे. १९०३ पासूनची प्रथा, इटलीतल्या नोला गावच्या लोकांनी आणलेली. ७० फुटांहून उंच मनोरा, टोकावर संत पाओलिनोची मूर्ती, वजन काही टन. शंभरावर माणसं तो खांद्यावर उचलतात. मनोऱ्याच्या चौथऱ्यावर अख्खा बँड बसलेला असतो, गाणाऱ्यासकट, म्हणजे त्यांचंही वजन खांद्यावरच! समोर काठी घेतलेला कापो, म्हणजे म्होरक्या, उभा. तो इशारा देतो आणि मनोरा एका झटक्यात वर येतो, मग गाण्याच्या तालावर नाचतो, गिरकी घेतो. खाली ठेवताना सगळ्यांचे गुडघे एकदम वाकावे लागतात. खांदेकऱ्यांच्या मानेजवळ गाठी आलेल्या दिसतात. त्या ते कौतुकाने दाखवतात. पालखीला खांदा दिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

एल ट्रेनने बेडफर्ड ॲव्हेन्यूला उतरा. ऊन फार असतं, पाणी ठेवा.

प्रेषक: वि. (जर्सी सिटी)

विषयांतर: पुढच्या खेपेला त्यांना नोव्हेंबरात बोलव. मेसीज या दुकानाची थँक्सगिव्हिंगची मिरवणूक १९२४ पासूनची, टीव्हीवर सगळेच बघतात. पण आदल्या संध्याकाळी नॅचरल हिस्टरी म्युझियमशेजारी मिरवणुकीतले अवाढव्य फुगे फुगवतात ते बघ. जाळ्याखाली जमिनीवर लोळागोळा पडलेलं धूड हळूहळू नाक-कान काढतं. पूर्वी मिरवणूक संपली की फुगे आकाशात सोडून द्यायचे, आणून देणाऱ्याला बक्षीस. विमानांच्या वाटेत यायला लागल्यावर ते बंद झालं.

प्रेषक: स. (एडिसन)

सगळ्यांचे आभार! ईस्टर, फगवा आणि जीलिओ ठरलं. इंडिया डेला लवकर पोचू. मु., बाबा विचारताहेत, जीलिओला बाहेरच्याला खांदा देऊ देतात का?

प्रेषक: मु. (ब्रुकलिन)

छे, खांदेकरी ठरलेले असतात, कित्येक घराण्यांत बाप-लेक पिढ्यान्‌पिढ्या. पण पहिल्या रांगेत उभं राहता येतं. सकाळी लवकर निघा, मी चर्चच्या दाराशी भेटतो. आणखी कोणी येणार असेल तर याच मेलला उत्तर द्या, वेगळा धागा नको.