मदत हवी आहे: 'बाल्कनी' म्हणजे नक्की कुठली जागा?

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतोय. इंग्रजी माहितीत मी 'बाल्कनी' लिहिलं, कारण दारापुढच्या त्या जागेला आपण बाल्कांवच म्हणतो. तीन पायऱ्या, दोन्ही बाजूंना बसायला लाल गुळगुळीत सोपो (बांधीव बाकं), वर कौलं. आजी संध्याकाळी तिथेच बसून शेंगा सोलायची. परवा आलेलं जोडपं मात्र वरचा मजला शोधत राहिलं. मला फार वाईट वाटलं; आपण त्यांना फसवलं असं वाटायला नको.

शब्दकोशात पाहिलं, तर इंग्रजी बाल्कनी म्हणजे वरच्या मजल्याच्या भिंतीबाहेर काढलेला, कठड्याचा सज्जा, नाहीतर थिएटरातल्या वरच्या खुर्च्या. आपला बाल्कांव पोर्तुगिजांकडून आला, आणि त्यांच्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ दुकानाचा काउंटर असाही होतो!

मग 'पोर्च' लिहू की 'व्हरांडा'? पोर्च म्हटलं की गाडी लावायची जागा डोळ्यांसमोर येते, आणि व्हरांडा लांबलचक वाटतो. की सरळ 'बाल्कांव' ठेवून पुढे एका ओळीत वर्णन देऊ? इंग्रजी शिकवणारं कोणी असेल तर ती ओळ कृपया करून द्या. शनिवारी पुढचे पाहुणे येताहेत.