सीआयएफ की एफओबी?

भोसरीकर: इथल्याच एका पोस्टमध्ये वाचलं, "नव्या आयातदाराने डोळे मिटून सीआयएफ घ्यावं, भाडं-विमा सगळं चिनी सप्लायर बघतो." त्यावर वाहवा झाली, म्हणून लिहितोय. सीआयएफ म्हणजे किमतीतच विमा आणि भाडं धरलेलं; एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च सप्लायरचा, पुढचं भाडं-विमा आपलं. सीआयएफमध्ये भाडं सप्लायर न्हावा शेवा बंदरापर्यंत भरतो, पण चीनच्या निंगबो बंदरात माल जहाजावर चढला की जोखीम तुमची. विम्याचं म्हणाल तर इन्कोटर्म्स 2020 मध्ये (या व्यापारी अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) त्याच्यावर बंधन फक्त क्लॉज सी चं, म्हणजे सर्वात कमी संरक्षणाच्या विम्याचं. आग लागली, जहाज बुडालं तर पैसे मिळतील. पेटीत पाणी शिरलं किंवा माल चोरीला गेला तर नाही. एफओबी घ्या, फॉरवर्डर (मालवाहतुकीची व्यवस्था करणारा) आपला नेमा, क्लॉज ए ची, म्हणजे सर्वात व्यापक संरक्षणाची पॉलिसी इथे काढा.

लूमवाला, इचलकरंजी: कंटेनर भरून माल मागवणाऱ्याला हे शोभतं. माझे दोन क्युबिक मीटर सुटे भाग. एवढ्याशा मालाला फॉरवर्डर कोटेशनसुद्धा देत नाही. सीआयएफच परवडतं.

उरणचा सीएचए (कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट): दोन क्युबिक मीटरवाल्यालाच तर जास्त मार बसतो, दादा. एलसीएलचं (इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये येणाऱ्या मालाचं) भाडं चीनमधला कन्सॉलिडेटर, म्हणजे असा सुटा माल एकत्र भरणारा, जवळपास फुकट लावतो आणि वसुली इथल्या त्याच्या एजंटमार्फत तुमच्याकडून करतो. टीएचसी (बंदरातल्या हाताळणीचा खर्च), डीस्टफिंग (कंटेनर रिकामा करणं), डीओ (माल सोडण्याचा आदेश) फी, वर 'ॲडमिन'. हे भरल्याशिवाय डीओ सुटत नाही. भांडणार कुणाशी? त्याला तुम्ही नेमलेलंच नाही.

लूमवाला, इचलकरंजी: आणि सीएचएच्या बिलात 'किरकोळ खर्च' असतो तो कसला? पावती मागितली की "साहेब, सगळीकडे द्यावे लागतात" हे उत्तर. आधी त्यावर बोला.

उरणचा सीएचए: पावती नसेल तर पैसे देऊ नका, मीच सांगतो. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. रात्री दोनला सीएफएसच्या (बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम) गेटवर ट्रकसाठी आम्हीच उभे असतो.

नाशिक पॅकेजिंग: सीएफएसचं नाव काढू नका. आमची पेटी तपासणीसाठी उघडली, परत नीट बंदच केली नाही. फोर्कलिफ्टचा दाता थेट रोलरमध्ये. सीएफएस म्हणे माल असाच आला, एजंट म्हणे सीएफएसला विचारा. तुमच्या एफओबीने यात काय फरक पडला असता?

भोसरीकर: पेटी आपटायची थांबली नसती. पण पॉलिसी क्लॉज ए ची आणि गोदामापर्यंतची असती, तर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) बोलावून क्लेम करता आला असता.

ठाणे ट्रेडर: एफओबीने ड्युटीही वाचते, ते सांगा की.

उरणचा सीएचए: अजिबात नाही. ड्युटी सीआयएफ किमतीवरच लागते. एफओबी बिलासोबत भाड्याचा कागद नसेल तर 2007 च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे एफओबीच्या 20 टक्के भाडं आणि 1.125 टक्के विमा धरतात. हलका, महाग माल असेल तर उलट फटका. आणि कुणी डीडीपी (ड्युटीसकट सगळं सप्लायरने भरून माल दारात देणं) सुचवलं तर आधी बघा, बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचा आयातीचा कागद) कुणाच्या नावावर निघतंय. तुमचा जीएसटी नंबर त्यावर नसेल तर आयजीएसटीचं (आयातीवर भरलेल्या जीएसटीचं) क्रेडिट विसरा.

लूमवाला, इचलकरंजी: बरं, डीडीपीचं पटलं. एफओबीचं अजून नाही. पुढच्या खेपेला सप्लायरकडून दोन्ही दर मागवतो, पण इथले सगळे चार्जेस एजंटने माल चढण्याआधी मेलवर लिहून द्यायचे. उरणचे साहेब, तुम्ही 'किरकोळ'सकट लेखी कोटेशन देणार का, ते इथेच सांगा.

उरणचा सीएचए: देतो. पॅकिंग लिस्ट पाठवा.