एकांकिकेसाठी: १७४५ मधला अमेरिकन खेड्यातला पाळक

मुचकुंद, कोथरूड: संहिता लिहितोय. जागा मॅसॅच्युसेट्समधलं खेडं. माझा पाळक दक्षिणेवर जगतो, क्रूसापुढे गुडघे टेकतो, नाताळला प्रवचन देतो. तालमी सुरू व्हायच्या आत चुका सांगा.

जुनं_दप्तर: तिन्ही गोष्टी काढा. हे काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्युरिटनांचे (चर्चमधला थाटमाट नाकारणाऱ्या कडव्या इंग्रज प्रोटेस्टंटांचे) वारस. नाताळ पाळत नसत. प्रार्थनाघरात क्रूस नाही, ऑर्गन नाही, प्रार्थना उभ्याने. रविवारी उपासना दोनदा, मधे जेवणाची सुट्टी. स्तोत्राची ओळ आधी एक जण सांगणार, मग सगळे गाणार. इमारतीत शेगडीसुद्धा नसे. हिवाळ्यातला प्रवेश असेल तर नटांच्या अंगावरचे कोट उतरवू नका!

पानशेत_पाऊस: उत्पन्नाचं बघू, नाट्य तिथेच आहे. पगार गावसभा ठरवायची आणि तो गावकऱ्यांकडून कर म्हणून वसूल व्हायचा. नेमणुकीच्या वेळी जमीन किंवा एकरकमी पैसे वेगळे. शिवाय करारात जळण. लाकूड कॉर्डमध्ये मोजत: ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब रास म्हणजे एक कॉर्ड. भिंतीतल्या उघड्या चुलीची बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जायची, त्यामुळे वर्षाला तीस-चाळीस कॉर्डही कमी पडत. लाकूड बर्फावरून घसरगाडीने ओढून आणत. बर्फ उशिरा पडला की जळण उशिरा, आणि आलं तरी ओलं. हे पहिलं भांडण.

दुसरं भांडण नोटांचं. मॅसॅच्युसेट्सच्या कागदी नोटा १६९० पासूनच्या, आणि त्यांची किंमत घसरत चाललेली. १७४५ च्या लुईबर्ग (कॅनडातला फ्रेंच किल्ला) मोहिमेसाठी तर आणखी भरमसाट छापल्या. पगाराचा आकडा तोच, धान्य मात्र महाग. मग पाळक गावसभेकडे वाढ मागणार आणि शेजारीच त्याला नाही म्हणणार. १७५० मध्ये चांदीचं चलन परत आलं, पण तुमचं नाटक त्याआधीच संपतंय.

मुचकुंद, कोथरूड: म्हणजे शेती करावीच लागे?

जुनं_दप्तर: हो. गवतकापणी, गुरं, मुलं आणि मजूर हाताशी. काहींकडे गुलामही असत, ते गाळू नका: नॉर्थॅम्प्टनचा पाळक जोनाथन एडवर्ड्स याने १७३१ मध्ये न्यूपोर्टला व्हीनस नावाची मुलगी विकत घेतली होती. वेस्टबरोचा पाळक एबेनेझर पार्कमन याची रोजनिशी वाचा, शेतीची कामं आणि प्रवचनाची तयारी शेजारी-शेजारी सापडतील.

पानशेत_पाऊस: प्रॉपर्टीवाल्याला सांगा, हातात जाड पोथी नको. एडवर्ड्सची प्रवचनं छोट्या, हाताने शिवलेल्या वह्यांत असत. कागद महाग, म्हणून जुने कपटेही वापरायचा. गळ्यापाशी दोन पांढऱ्या पट्ट्या, कोट काळा.